ना हरकत

अर्जाला नऊ कागद लागतात.
आठ माझ्या बॅगेत आहेत.

मालकाचं पत्र शिक्क्यासकट, भाडेकराराची नक्कल,
रेगे मॅडमच्या गाडीची मुलकिया,
आणि माझ्या हातचा नकाशा:
मीटरपासून बारा नंबरच्या खांबापर्यंत एक लाल रेघ,
तिच्या पोटात तारेची जाडी, ब्रेकरचा आकडा,
जमिनीत ठोकायची तांब्याची कांब.

नववा कागद शेजाऱ्याचा.
केबल तेरा नंबरच्या डोक्यावरून जाते.
त्यानं लिहून द्यायचं, माझी काही हरकत नाही.

तेरा नंबर चार वर्षं आलेला नाही.
कुंजुमोन वॉचमन सांगतो, जुम्म्याच्या रात्री गेला,
दोन बॅगा, बायको, कडेवर पोर.
बँकेची माणसं दोनदा आली, मग तीही दमली.
गाडी तिथंच. टायर बसलेले,
काचेवर अल-खुवैरची धूळ, इतकी
की कुणी बोटानं लिहिलेलं 'धुवा मला'
तेही आता धुळीखाली.

सनद ऑफिसात रय्या अल-बलुशी अर्ज टाईप करते.
ती बोलते आणि मला दापोलीची कचेरी ऐकू येते:
इमारत, मालिक, तारीख, मुद्दत.
तलाठ्याच्या रांगेत उभा होतो तेव्हाच
अर्धी अरबी शिकून झाली होती,
कुणी सांगितलं नाही एवढंच.

पण शब्दही परदेशात नोकऱ्या बदलतात.
हरकत म्हणालो, तिनं मान वर केली.
"हरका? म्हणजे हालचाल."
म्हणजे ना हरकत, काही हालत नाही.
टेबलावरच्या फायलीकडे बघून
दोघंही जरा जास्तच हसलो.
"आणि हे मंजूर कधी होणार?" मी विचारलं.
"मंजूर? आमच्यात मंजूर म्हणजे दिसलेलं.
बाकीचं वीज कंपनीला विचार."

वीज कंपनीचा मुंधर आला, पोरसवदा,
डिशडाशाची बाही कोपरापर्यंत सारून
खांबापासून पाण्याच्या पाइपपर्यंत टेप धरली.
अंतर बसलं.
मग तेरा नंबरपाशी थांबला.
डोळे किलकिले करून आत बघायला
काचेवर तळहात टेकवला, घासला,
बराच वेळ काही बोलला नाही.

"गेलेल्याची सही मागू कशी, उस्ताद,
आणि न मागता पुढे जाऊ कसा?"
मग छताकडे बोट केलं.
लिफ्टच्या मागून, टाकीच्या भिंतीला धरून,
कुणाच्याच डोक्यावरून नाही.
नऊ मीटर जास्त.

म्हणजे नवा नकाशा, नवी फी,
आणि लांबलेल्या तारेत किती व्होल्ट गळतात त्याचा हिशोब.
तो मला येतो.
सव्वीस वर्षं हर्णैला पैसे पाठवतोय.
तरी रेगे मॅडमनी तपासला, त्या फिजिक्स शिकवतात.
दशांशचिन्ह एक घर डावीकडे सरकवलं
आणि काही न बोलता चहा टाकला.

मंगळवारी मेसेज आला. बुधवारी रात्री
पेट्रोलवरच्या माझ्या पिकअपमधून ड्रिल उतरवलं,
क्लॅम्प मारले, कांब ठोकली,
मीटर लावून तीनदा मोजलं.

मॅडमनी प्लग खोचला.
गाडी काही बोलली नाही. आतल्या आत
थेंबाथेंबानं भरत राहिली.
चार्जरवर हिरवा दिवा लागला,
बाराच्या बॉनेटवरून ओघळत
शेजारच्या काचेवर गेला,
आणि मुंधरच्या हाताचा ठसा होता
तेवढ्याच जागेतून आत शिरला:

मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची.
पट्टा लावलेला.